सहभागी अभिकल्पाचे अध्यापन : कोन येथील घरांच्या निमित्ताने

बीजशब्द : सहभागी अभिकल्प, क्षेत्रकार्य, समाजसहभाग उपक्रम, गृहरचना, गिरणी कामगार, रायगड जिल्हा

प्रस्तावना

पनवेल शहर मागे टाकून जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने खोपोलीच्या दिशेने निघाले असता पळस्पे फाट्यानंतर कोन हे गाव येते. एकेकाळी भातशेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात आज बहुमजली इमारतींचे समूह उभे आहेत. त्यांपैकी एका समूहातील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २ डिसेंबर २०१६ रोजी काढली. मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांचे कामगार आणि त्यांचे वारस यांच्यासाठी ती घरे होती व प्रत्येक घराची किंमत ६ लाख रुपये ठरविण्यात आली होती.

ही घरे मुळात गिरणी कामगारांसाठी बांधलेली नव्हती. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आखली. खाजगी विकासकाने वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात १६० चौरस फुटांची घरे बांधून प्राधिकरणाच्या स्वाधीन करावीत आणि ती अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांना भाड्याने मिळावीत, अशी ती कल्पना होती. पुढे धोरण बदलले. भाड्याच्या घरांपैकी निम्मा वाटा गिरणी कामगारांकडे वळविण्यात आला आणि १६० फुटांचे दोन गाळे जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर, असा हिशेब झाला. सोडत झाली तरी ताबा मिळण्यास वर्षे लागली. २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच इमारती अलगीकरणासाठी घेण्यात आल्या आणि त्या परत मिळाल्या तेव्हा घरांच्या दुरुस्तीचा नवा प्रश्न उभा राहिला.

म्हणजे एकाच वास्तूला एका तपाच्या आत तीन वापरकर्ते लाभले : कागदावरचा भाडेकरू, साथीतला संशयित रुग्ण आणि निवृत्तीला आलेला गिरणी कामगार. त्यांपैकी एकही नकाशा काढला जात असताना त्या टेबलाशी बसलेला नव्हता. भाडेकरूच्या घरापासून कामगाराच्या घरापर्यंतचा सर्वांत मोठा रचनात्मक बदल बेरजेने झाला : १६० अधिक १६०. घर म्हणजे काय, हे घरात राहणाऱ्याला विचारले असते तर उत्तर बेरजेत मावले असते का, हा प्रश्न वास्तुशास्त्राच्या अध्यापकापुरता मर्यादित नाही. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान, संगणकशास्त्र अशा कोणत्याही विषयाच्या अध्यापकाने आपला वर्ग महाविद्यालयाबाहेर नेला की तो समोर येतो.

आणि आता वर्ग बाहेर न्यावाच लागतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग उपक्रम यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले आहेत. जे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात १९६९ पासून स्वेच्छेने होत होते, ते गुणपत्रिकेत आले आहे. महाविद्यालयाच्या परिसरातील वाड्या-वस्त्यांवर याचा काय परिणाम होईल, याचा विचार मात्र फारसा झालेला दिसत नाही. साठ विद्यार्थ्यांच्या तुकड्या दरवर्षी त्याच दहा घरांचे दरवाजे ठोठावून तेच तीस प्रश्न विचारू लागल्या, तर लोक उत्तरे देणे थांबवतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे, विद्यार्थ्यांना हवी असलेली उत्तरे देऊ लागतील. सहभागी अभिकल्पाच्या पद्धती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामातून कशा शिकविता येतील आणि त्या शिकविण्यापूर्वी अध्यापकाने कोणती गोष्ट निश्चित केली पाहिजे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व तिचा उगम

अभिकल्प म्हणजे एखादी वस्तू, वास्तू, यंत्रणा किंवा सेवा कशी असावी याचा आधी केलेला विचार व त्याचा आराखडा. हा विचार तज्ज्ञाने एकट्याने न करता, ज्यांना त्याचा परिणाम भोगावयाचा आहे त्यांच्यासह करणे म्हणजे सहभागी अभिकल्प. व्याख्या सोपी आहे. तिच्यातील ‘सह’ हा शब्द मात्र अवघड आहे आणि सारा घोळ तेथेच होतो.

या विचाराचा एक उगम स्कँडिनेव्हियातील कामगार चळवळीत आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने एक प्रकल्प हाती घेतला. कारखान्यात संगणक येणार हे उघड होते. तो कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या सोयीने येणार, यात कामगारांना बोलता यावे, इतके ज्ञान त्यांच्याकडे असावे हा प्रकल्पाचा हेतू होता. (हेच न्यूगार्ड सिम्युला या संगणकभाषेचे एक निर्माते होत. वस्तुनिष्ठ आज्ञावलीलेखन शिकविणारे अध्यापक त्यांचे नाव पहिल्या प्रकरणात घेतात, कामगार संघटनेचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही.) पुढे १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पात वृत्तपत्रांच्या छपाईखान्यातील कामगार आणि संशोधक एकत्र बसले. पानांची जुळणी संगणकावर कशी व्हावी हे ठरवायचे होते आणि तसे यंत्र अद्याप हाती नव्हते. तेव्हा पुठ्ठ्याची खोकी, कागदी पडदे आणि लाकडी ठोकळे मांडून कामगारांनी ‘काम’ करून दाखविले. जुळाऱ्याचा हात कोठे जातो आणि नजर कोठे थांबते, हे मुलाखतीत सांगता येत नव्हते, ते पुठ्ठ्याच्या यंत्रासमोर आपोआप दिसले.

या इतिहासातून अध्यापकाने दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, लोकांचे ज्ञान बहुधा त्यांच्या हातांत आणि सवयींत असते, प्रश्नावलीने ते बाहेर येत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची : हे कामगार संघटनेचे सदस्य म्हणून टेबलाशी बसले होते. त्यांचे म्हणणे डावलले गेले तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागणार होती.

शेरी अर्न्स्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या पायऱ्यांवर लोकांची समजूत घातली जाते, मधल्या पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते व त्यांचे मत विचारले जाते, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयात त्यांचा खरा वाटा असतो. आपल्याकडील नगररचनेच्या परिचित व्यवहाराला ही शिडी लावून पाहता येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. हा अधिकार मोलाचा आहे आणि अनेक गावांनी तो वापरून मैदाने व तळी वाचविली आहेत. पण हरकत ही तयार नकाशावर घेतली जाते. रेघ आधी कोणीतरी ओढलेली असते आणि ती पुसून घेण्याचा भार हरकतदारावर येतो. सहभागी अभिकल्पात पेन्सिल उचलण्याच्या क्षणी लोक हजर असावे लागतात. विद्यार्थ्यांना हा फरक एका तासिकेत सांगता येतो. तो त्यांच्या अंगी मुरण्यास मात्र मैदानच लागते.

ग्रामीण भारताने या विचारात घातलेली भर दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायराडा, आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम यांसारख्या संस्थांबरोबर काम करताना रॉबर्ट चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकसहभागातून ग्रामीण मूल्यावलोकन ही पद्धती रूपास आणली. गावकरी स्वतः अंगणात रांगोळीने, काटक्यांनी व बियांनी गावाचा नकाशा काढतात. कोणत्या घरात वर्षभर धान्य पुरते, कोणत्या विहिरीला चैत्रात पाणी असते, हे त्यावर मांडतात. बाहेरच्या माणसाने हातातील काठी गावकऱ्याकडे द्यावी, ही चेंबर्स यांची शिकवण प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील समाजकार्य महाविद्यालयांत ही पद्धती दीर्घकाळ शिकविली जात आहे. इतर शाखांत ती आता प्रवेश करीत आहे आणि बहुधा नकाशाचे छायाचित्र अहवालात चिकटविण्यापुरतीच.

भायखळ्याच्या पदपथावरील वर्ग

सहभागी गृहरचनेचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका धडा विद्यापीठाबाहेर घडला. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्काचा भाग मानला, तरी पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायम ठेवला. त्याच वर्षी स्पार्कने सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांची जनगणनेतही नीट नोंद नव्हती, त्यांनी आपली मोजदाद आपण केली होती. या कामातून ‘महिला मिलन’ ही स्त्रियांची संघटना उभी राहिली.

या स्त्रियांनी पुढे घराचा विचार सुरू केला. नकाशा वाचण्याची सवय नव्हती आणि फूटपट्टीशी परिचय नव्हता. त्यांनी मापासाठी साडी घेतली. साडीची लांबी ठाऊक असते, तिच्या घड्या करता येतात, दोघींनी टोके धरली की भिंत तयार होते. साड्या बांधून त्यांनी पूर्ण आकाराची घरे उभी केली, त्यांत चूल, भांडी, झोपायची जागा यांची कल्पना केली आणि मग वास्तुविशारदांना बोलाविले. या मंथनातून पुढे आलेल्या आराखड्याचे वैशिष्ट्य होते १४ फुटांची उंची. जमिनीचे क्षेत्र वाढविणे परवडणारे नव्हते, तेव्हा खोली उंच करून निम्म्या भागावर पोटमाळा घालावा, असे स्त्रियांनी ठरविले. शौचालयाबाबतही त्यांचे मत तज्ज्ञांच्या अपेक्षेपेक्षा निराळे होते. प्रत्येक घरात एक असण्यापेक्षा काही घरांत मिळून एक असावे व त्याची देखभाल त्या घरांनी करावी, याकडे त्यांचा कल होता. कारण उघड होते. इतक्या लहान खोलीत शौचालयाने घेतलेली जागा म्हणजे एका माणसाच्या झोपण्याची जागा.

वास्तुशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण बहुधा ‘लोकांच्या गरजा समजून घेणे’ या शीर्षकाखाली सांगितले जाते. ते शीर्षक अपुरे आहे. येथे लोकांनी गरज सांगितली आणि तज्ज्ञाने उत्तर शोधले, असे झाले नाही. उत्तरच लोकांनी शोधले. तज्ज्ञाचे काम ते उत्तर उभे राहील का, किती खर्चात राहील आणि नियमात बसेल का हे तपासण्याचे होते. नियमात ते सहज बसले नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. नियमाशी झगडणे हा सहभागी अभिकल्पाचा अविभाज्य भाग आहे आणि त्यासाठी विधी शाखेच्या अध्यापकांचा हात लागतो.

रायगडातील पाणी आणि विद्यार्थी

विद्यापीठीय चौकटीत असा प्रयोग करता येतो का, या प्रश्नाचे उत्तर रायगड जिल्ह्यातच आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे १९८५ मध्ये ग्रामीण क्षेत्रासाठी तंत्रज्ञान पर्याय केंद्र, म्हणजे सितारा, सुरू झाले. या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी कर्जत तालुक्यातील वाड्या-पाड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अनेक वर्षे अभ्यासला. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच वाड्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हा येथील नित्याचा अनुभव आहे. ताडवाडी व मोग्रज येथील नळपाणी योजनांचे विश्लेषण हा या अभ्यासातील एक टप्पा होता.

या अभ्यासाचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी नवी योजना सुचविण्याआधी असलेली योजना का चालत नाही, याचा माग काढला. हा माग काढताना पाणी सोडणारा माणूस, हंडा घेऊन उभी असलेली बाई, ग्रामसेवक आणि शाखा अभियंता या चौघांचे म्हणणे जुळवून पाहावे लागते. प्रत्येकाची गोष्ट निराळी असते आणि प्रत्येकाकडे योजनेचा एक तुकडा असतो. टाकीची उंची अभियंत्याच्या नकाशात असते, पण शेवटच्या घरी पाणी किती वाजता येते आणि किती हंडे भरतात, हे त्या घरातील बाईलाच ठाऊक असते. या दोन आकड्यांची गाठ घालणे हे त्या विद्यार्थ्याचे खरे प्रात्यक्षिक होय. नळपाणी योजनांच्या रचनेसाठी याच संस्थेत ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली विकसित झाली. क्षेत्रातला प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन त्यावरचे साधन पुन्हा क्षेत्रात आणण्याचे ते एक चांगले उदाहरण आहे.

२०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. जिल्ह्यातील विकासाचे प्रश्न स्थानिक अभियांत्रिकी व इतर महाविद्यालयांनी अभ्यासावेत, जिल्हा प्रशासनाने ते प्रश्न द्यावेत आणि अहवाल स्वीकारावेत, ही त्यामागील कल्पना आहे. त्यातील ‘अहवाल स्वीकारणारा कोणीतरी असणे’ ही अट फार मोलाची आहे. ग्रंथालयात पडून राहणाऱ्या प्रबंधाला वाचक नसला तरी पदवी मिळते. तहसील कार्यालयाने मागितलेल्या अहवालातील एक आकडा चुकला तर कोणीतरी दूरध्वनी करून विचारतो. त्या एका दूरध्वनीने विद्यार्थी जे शिकतो, ते अंतर्गत परीक्षेने शिकत नाही. अशा अहवालाची भाषा मराठी असावी, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. ज्या ग्रामसभेच्या प्रश्नावर काम केले, तिला वाचता न येणाऱ्या भाषेत उत्तर देणे हा सहभाग नव्हे.

निर्णय उघडा आहे काय?

वरील उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. छपाईखान्यात यंत्र यायचे होते, भायखळ्यात घर व्हायचे होते, कर्जतमध्ये योजना दुरुस्त व्हायची होती. निर्णय अद्याप उघडा होता. महाविद्यालयीन उपक्रमांचे अपयश बहुधा येथे असते. पद्धती बरोबर शिकविलेल्या असतात, नकाशे काढलेले असतात, गटचर्चा होतात, पण ज्या प्रश्नावर चर्चा होते त्याचा निर्णय आधीच कोठेतरी झालेला असतो, किंवा तो घेण्याचा अधिकार उपस्थितांपैकी कोणाकडेच नसतो. विद्यार्थी मग सहभागाचा अभिनय शिकतात. लोक तो अभिनय लगेच ओळखतात, कारण त्यांनी तो अनेक कार्यालयांत पाहिलेला असतो.

म्हणून वर्ग गावात नेण्यापूर्वी अध्यापकाने स्वतः एकट्याने जाऊन एकच गोष्ट शोधावी : येथे कोणता निर्णय उघडा आहे, तो कोण घेणार आहे आणि कधी? उत्तर मिळाले नाही तर उपक्रमाला ‘पाहणी’ म्हणावे, ‘सहभागी अभिकल्प’ म्हणू नये. पाहणीतही कमीपणा काही नाही. नाव मात्र खरे असावे.

कोनच्या घरांना ही कसोटी लावून पाहू. इमारती उभ्या आहेत, घराचे क्षेत्रफळ ठरलेले आहे, मजले ठरलेले आहेत. मोठे निर्णय बंद झाले आहेत आणि विद्यार्थ्यांनी रहिवाशांसमोर ते उघडे असल्याचा भास निर्माण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. भिंत काढण्याची सूचना तर मुळीच करू नये. कोणती भिंत भार वाहते हे संरचना अभियंत्याने तपासल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण उघडे निर्णय उरतातच. ३२० फुटांच्या आतली मांडणी रहिवाशाच्या हाती आहे. सामाईक मार्गिका, जिन्यालगतची जागा, तळमजला, मोकळे अंगण यांचा वापर सहकारी गृहनिर्माण संस्था ठरवू शकते. बसथांबा, पथदिवे, रस्ता ओलांडण्याची जागा यांबाबत स्थानिक प्रशासनाकडे लेखी प्रस्ताव देता येतो. निर्णय लहान आहेत. ते खरे आहेत, आणि एका सत्रात त्यांतील एखादा तडीस जाऊ शकतो.

फक्कीची खोली

पहिला पाठ महाविद्यालयाच्या मैदानावर घेता येतो. कबड्डीचे मैदान आखण्यासाठी जी फक्की वापरतात तिने १६ फूट गुणिले २० फुटांचा आयत आखावा. हे ३२० चौरस फूट. त्याच्या मधोमध रेघ मारली की १६० फुटांचे दोन गाळे दिसतात. विद्यार्थ्यांनी प्रथम त्यात स्वतःचे घर मांडावे : चटई म्हणजे पलंग, बाक म्हणजे ओटा, दप्तर म्हणजे कपाट. पाच जणांचे कुटुंब रात्री कसे झोपेल, पहाटे पाळीला जाणारा कोणाला ओलांडून जाईल, बारावीचा अभ्यास कोठे होईल, हे प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. बहुतेक गट पहिल्या मांडणीत देव्हारा, ओले कपडे आणि पाण्याचा पिंप विसरतात. ही विसरभोळी मांडणी पुसू नये. तिचे छायाचित्र ठेवावे, पुढे उपयोगी पडते.

दुसरा पाठ रहिवाशांच्या संमतीने आणि त्यांच्या वेळेनुसार त्यांच्या अंगणात व्हावा. तेथे फक्की विद्यार्थ्यांच्या हातात असू नये. गिरणगावातून आलेल्या कुटुंबाला खोली मांडण्याची कला शिकवावी लागत नाही. लालबाग–परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहिली आहेत आणि पाळ्यांच्या हिशेबाने एकाच पथारीवर तिघे आलटून पालटून झोपले आहेत. मात्र ती खोली कधीच एकटी नव्हती. तिला गॅलरी होती, जिना होता, खाली रस्ता होता. वाळवण, भांडण, अभ्यास, गणपतीची तालीम हे सारे खोलीबाहेर होत असे. म्हणून चाळीतल्या माणसाला ‘तुम्हाला किती जागा पुरते?’ असे विचारले तर तो लहान आकडा सांगेल आणि त्या आकड्यात गॅलरी गृहीत धरलेली असेल. विद्यार्थ्याने तो आकडा जसाच्या तसा लिहून घेतला तर चूक विद्यार्थ्याची. ‘काल दुपारी तीन वाजता घरातले कोण कोठे होते?’ असा प्रश्न विचारला की गॅलरी आपोआप नकाशात येते आणि कोनच्या मार्गिकेचे काय करता येईल, या चर्चेला पाया मिळतो.

येथे १९८२ च्या संपाचा संदर्भ टाळता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. घरासाठी नोंदणी करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या सुमारे दीड लाख झाली, तेव्हा मधे जवळजवळ तीस वर्षे गेली होती. संपात तिशीत असलेला कामगार सोडतीच्या वेळी साठी ओलांडून गेला. त्यामुळे कोनच्या घराचा ‘वापरकर्ता’ कोण, हा प्रश्नच आधी सोडवावा लागतो. म्हातारा कामगार, गावी राहणारी त्याची विधवा पत्नी, मुंबईत नोकरी करणारा मुलगा, की घर भाड्याने घेणारे तिसरेच कुटुंब? यादीतील नाव आणि घरात राहणारा माणूस यांत अंतर असू शकते. त्याबद्दल न्यायनिवाडा करणे विद्यार्थ्याचे काम नाही, पण ज्याच्या सोयीसाठी मांडणी करावयाची तो समोर बसलेला आहे ना, याची खात्री करणे त्याचेच काम आहे.

सभेला कोण येते याकडेही लक्ष हवे. रविवारी सकाळी बोलाविलेल्या बैठकीत संस्थेचे पदाधिकारी व निवृत्त पुरुष बोलतील. स्वयंपाकघराबद्दलही तेच बोलतील. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, ती याच अनुभवातून. विद्यार्थिनींच्या गटाने दुपारी, कामे उरकल्यावर, जिन्यात बसून केलेल्या गप्पांना बैठकीइतकेच वजन अहवालात असावे. शिवाय कोन म्हणजे केवळ या इमारती नव्हेत. मूळ गाव आहे, तेथील शेतकरी कुटुंबे आहेत. हजारो नवी माणसे आल्याने त्यांच्या पाण्यावर, रस्त्यावर आणि सांडपाण्याच्या वाटेवर भार येतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यानंतर पनवेल तालुक्यातील जमिनीकडे साऱ्यांचे डोळे अधिकच लागले आहेत. दोन्ही बाजूंना एकत्र बसविले की मतभेद होणारच. अनेक अध्यापक या टप्प्यावर घाबरून चर्चा गुंडाळतात. वास्तविक येथेच अभ्यासक्रमाचा गाभा सुरू होतो, कारण सर्वांचे एकमत असलेल्या प्रश्नाला अभिकल्पाची गरज फारशी नसते.

सत्र, शेतीहंगाम आणि गुण

एका श्रेयांकास सुमारे ३० तास धरले तर दोन श्रेयांकांच्या उपक्रमाला ६० तास मिळतात. सत्र जून-जुलैत सुरू होते, तेव्हा पनवेल तालुक्यातील शेतकरी भाताच्या लावणीत असतो. नंतर गणपती येतात व कोकणात गाव असलेली कामगार कुटुंबे घराला कुलूप लावून निघून जातात. पुढे भातकापणी आणि विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच वेळी येतात. वेळापत्रकाचा हा विसंवाद कोणत्याही परिपत्रकाने मिटणारा नाही. दुसऱ्या सत्रात, डिसेंबर ते मार्च या काळात, काम घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

साठ विद्यार्थ्यांची तुकडी एका घरात शिरू शकत नाही. चौघांचा एक याप्रमाणे पंधरा गट करावेत, प्रत्येक गटाने एकाच कुटुंबाशी अथवा एकाच सामाईक जागेशी नाते ठेवावे आणि तेथे किमान तीनदा जावे. पहिल्या भेटीत फारसे काही विचारू नये. छायाचित्रांसाठी परवानगी घ्यावी. ज्या माणसाचा अर्धा दिवस आपण घेतो, त्याचा तो दिवस रोजंदारीचा तर नाही ना, हे आधी विचारावे. अर्धी मजुरी बुडवून दिलेली मुलाखत ही देणगी असते आणि अहवालात तिचा उल्लेख ‘उत्तरदाता क्रमांक ७’ असा करणे असभ्यपणाचे आहे.

सर्वांत कठीण प्रश्न मूल्यमापनाचा. प्रदर्शनातील देखणे फलक, गुळगुळीत प्रतिकृती आणि सफाईदार सादरीकरण यांना गुण दिले, तर विद्यार्थी तेच शिकतील. सहभागी अभिकल्पात तपासण्याची वस्तू वेगळी आहे : पहिला आराखडा आणि शेवटचा आराखडा यांतील फरक. प्रत्येक गटाने बदलांची नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून, कोणती रेघ हलली आणि कोणती हलली नाही, ती का हलली नाही, हे त्यात लिहावे. मैदानावरील विसरभोळ्या मांडणीचे छायाचित्र या वहीचे पहिले पान. एखाद्या गटाच्या आराखड्यात शेवटपर्यंत काहीच बदलले नसेल, तर एकतर तो गट पहिल्याच दिवशी सर्वज्ञ होता किंवा त्याने ऐकले नाही. परीक्षकाने तोंडी परीक्षेत यांपैकी काय झाले ते विचारावे. रहिवाशांनी विद्यार्थ्यांचा संपूर्ण प्रस्ताव नाकारला आणि गटाने त्याची कारणे प्रामाणिकपणे नोंदविली, तर त्या गटाला पूर्ण गुण मिळण्यास हरकत नसावी. विद्यापीठाच्या गुणदान तक्त्यात यासाठी रकाना नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे निकष विभागाने स्वतः लिहून, अभ्यासमंडळाकडे मंजुरीस पाठवून, ही जागा तयार करता येते आणि त्याला सत्र सुरू होण्यापूर्वीच हात घालावा लागतो.

तिसऱ्या वर्षाची तुकडी पदवी घेऊन निघून जाते. रहिवासी तेथेच राहतात आणि बसथांब्याच्या प्रस्तावाचे काय झाले, हे त्यांनी कोणाला विचारावे हा प्रश्न उरतो. यासाठी नोंदवह्या विभागात जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक नव्या तुकडीचे काम मागच्या तुकडीच्या वहीपासून सुरू व्हावे. नव्या विद्यार्थ्यांनी पहिल्या भेटीत प्रश्नावली न नेता मागच्या वर्षीचा अर्ज, त्यावरील आवक क्रमांक आणि कार्यालयाकडून आलेले उत्तर न्यावे. उत्तर आले नसेल तर आले नाही असे सांगावे आणि स्मरणपत्राचा मसुदा त्याच जिन्यात बसून, त्याच लोकांकडून दुरुस्त करून घ्यावा.